मैया कुठपर्यंत आली होती

गेल्या वर्षी एका सकाळी आमच्या अख्ख्या गावाची आठवण गेली. लहान-थोर सगळ्यांची गेली, तेवढी माझी राहिली. त्याबद्दल मी अजून बोलणी खाऊन राहिलो.

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढची उमर जबलपूरच्या कारखान्यात लोखंड उचलण्यात गेली. लिहिण्यात चुका निघतील, ज्याला काढायच्या त्याने खुशाल काढाव्या. मी पाहिलं तसं सांगतो, त्यात कोणाला चूक काढू देणार नाही.

माझे वडील काटोलकडचे. कारखान्यात नोकरी लागली म्हणून इकडे आले. पहिल्यांदा शहरात, कमानिया गेटच्या मागे एका खोलीत राहिले. तिथे त्यांचा जीव घुसमटायचा. मग भेडाघाटाच्या अलीकडे, नर्मदेच्या काठावरच्या या गावात जमिनीचा तुकडा घेतला. कारखान्यात सायकलने जायचे, सायकलने यायचे, पण राहायचे इथेच. जमीन उताराची. खाली नदीकडे आमचं घर आणि अंगण, वर सडकेकडे मुरमाड वाडी. त्या वाडीत वडिलांनी गावाकडून संत्र्याची कलमं आणून लावली. झाडं जगली, फळंही येतात, पण एवढी आंबट की पाखरंसुद्धा चोच मारून निघून जातात. शेजारची भौजी, म्हणजे आमची गावातली वहिनी, तेवढी त्यांचं लोणचं घालते. असो. झाडं वडिलांची आहेत.

गाव हिंदी, घर आमचं एकटंच मराठी. इथे नर्मदेला नदी कोणी म्हणत नाही, मैया म्हणतात. पूर आला असंही म्हणत नाहीत, मैया आली म्हणतात. आणि ती कोणाच्या दारापर्यंत आली याचा माणसाला अभिमान असतो. लग्नाची बोलणी करताना मुलीचा बाप सांगतो, हमारे तो आँगन तक मैया आई है. घरातलं धान्य भिजलं, भिंत पडली, ते मागाहून सांगतो.

आमच्याकडे ती आली तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. वर धरण झालं नव्हतं. उजाडलं तर गल्ली नव्हती, सगळं पाणी होतं, आणि त्यात कोणाचा तरी पाट तरंगत होता. आमच्या घराला दगडी पायऱ्या आहेत, त्यातली वरची तेवढी कोरडी. लोक वरच्या मढियाकडे, देवीच्या छोट्या देवळाकडे पळाले होते. वडिलांनी मला खांद्यावर घेतलं आणि आईला म्हणाले, चल. आई म्हणाली, "थांबा जरासे. बाई दारात आली, तिला रिकामी कशी धाडू?"

आमच्यात दारी आलेल्या सवाष्णीची ओटी भरतात. आईने ट्रंकेतून नवा खण काढला, नारळ घेतला, तांदूळ घेतले, वरच्या पायरीवर बसली आणि हळदकुंकू लावून मैयाची ओटी भरली. वडील डोक्याला हात लावून उभे. नारळ गल्लीतून डुलत डुलत गेला तो मला अजून दिसतो. दुपारून पाणी उतरलं.

बायका परत आल्या. आईने कौतुकाने सांगितलं तर त्या हातावर हात मारून हसायला लागल्या. "अरी मराठिन, जे का कर दओ? मैया तो कुँवारी है! कुँवारी की गोद कोऊ भरत है?"

नर्मदा मैयाचं लग्न झालेलं नाही, ती जन्माची कुमारिका, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आईला कोण सांगणार? ती बिचारी एवढी खजील झाली की आत जाऊन बसली. तेव्हा भौजीची सासू, ती गावातली सगळ्यात मोठी बाई, काठी आपटून म्हणाली, "गलती से भरी, पर मैया ने ले लई. ले लई तभी तो लौटी."

तेव्हापासून नर्मदा जयंतीला गावचा पहिला दिवा आमच्या वरच्या पायरीवर लागतो. सगळी घरं आपापले दिवे घेऊन येतात, त्या दिव्यावर पेटवतात आणि मग घाटावर जाऊन पानांच्या द्रोणांतून पाण्यात सोडतात. काटोलकडून आलेले आम्ही त्या दिवशी या गावचे झालो. त्याआधी आम्ही "वो फैक्टरी वाले मराठे" होतो.

आता माझ्या घरातलं सांगतो. बायको जाऊन बरेच दिवस झाले. मुलाचं सडकेवर मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याची दोन पोरं मोठी झाली. घर तेच जुनं. मधल्या खोलीत पडदा लावून अलीकडे पोरं, पलीकडे नवरा-बायको. मी ओसरीत. मुलगा म्हणाला, वरच्या वाडीत दोन खोल्या बांधतो. मी म्हटलं, संत्र्याला हात लावायचा नाही. तो म्हणाला, मग खालच्या अंगणात बांधतो. मी संत्र्यांना पाणी घालायला निघून गेलो. त्याने पाया खोदला, विटा आणल्या, सळया आणल्या.

तेवढ्यात आमच्या शेजारच्या कछारात, म्हणजे मैया दरवर्षी गाळ टाकून जाते त्या काठच्या जमिनीत, एक प्लॉटवाला उगवला. त्या जमिनीत पाणी उतरलं की काकड्या-टरबुजं लावायची. मालक शहरात जाऊन बसलेला, त्याने विकून टाकली. या प्लॉटवाल्याने चुन्याच्या रेघा मारल्या, तिथून वाहणारा नाला मुरूम टाकून बुजवला आणि सडकेवर बोर्ड लावला: घरच्या खिडकीतून मैयाचं दर्शन. बोर्डावर जे घर काढलं होतं त्याच्या आजूबाजूला नारळाची झाडं. जबलपुरात नारळ!

मी जाऊन विचारलं, "भैया, नाला तो आपने भर दिया. पानी आएगा तो जाएगा कहाँ?"

"बाबूजी, अब ऊपर बांध है. अब पानी पूछ के आता है."

"और बांध के गेट खुलते हैं तब?"

"तब मोबाइल पे मेसेज आ जाता है."

अशा माणसाशी काय बोलायचं? मेसेज वाचून पाणी मागे फिरणार होतं काय?

मग सरकारातून निरोप आला. काठावर जिथपर्यंत पाणी आलेलं कोणी डोळ्याने पाहिलं असेल, तिथे खुणा लावायच्या. खुणेच्या खाली नवं पक्कं बांधकाम नाही. जुनी घरं राहतील. ज्यांना घर कमी पडतं त्यांच्यासाठी वरची सरकारी मुरमाची जमीन मोजून द्यायची. मला तर हे बरं वाटलं. नदीची जमीन नदीला, माणसाची माणसाला. पण गावात आग लागली. कारण सगळ्यांच्या पोरांना खोल्या पाहिजेत, सगळ्यांची मोकळी जागा आहे ती खालीच, आणि सरकारी जमीन कधी मिळेल हे मैयालाच ठाऊक.

मोजणीच्या आदल्या दिवशी प्लॉटवाल्याने आपल्या रेघांमध्ये खुर्च्या मांडल्या, समोसे वाटले. नदीकाठी एक जुनी चिंच आहे. तो म्हणाला, "सब लोग एक ही बात बोलो. इमली तक. उसके ऊपर पानी कभी देखा नहीं." आणि ज्या लोकांनी आयुष्यभर माझ्या कानात ओरडून सांगितलं की मैया हमारे चूल्हे तक आई थी, ते माना डोलवून समोसे खाऊन राहिले! माझा मुलगाही त्यात.

घरी आल्यावर तो म्हणाला, "बाबा, उद्या तुम्ही काही बोलू नका."

"काहून?"

"बोलू नका म्हणजे बोलू नका. कोणी विचारलं तर म्हणा लहान होतो, आठवत नाही."

"मला आठवते ना पण."

"आठवते तर आठवू द्या! तोंडाने सांगायची काय गरज आहे? ते बघा, पाया खोदला मी. तुम्ही पायरीवर बोट ठेवलं की माझा पाया खुणेच्या खाली गेला."

"माझ्या आईने ओटी भरली त्या पायरीवर. मी काय म्हणू, हवेची भरली?"

"अरे बाप्पा! आजी गेली. आम्ही जिवंत आहो."

सून चुलीपाशी होती. ती फारशी मध्ये पडत नाही. पण त्या दिवशी लाटणं खाली ठेवून म्हणाली, "मामाजी, वर बांधू म्हटलं तर संत्र्याला हात नाही लावायचा. खाली बांधू म्हटलं तर मैया आली होती. मग आम्ही राहायचं कुठं? तुमच्या दिव्यापाशी?"

उत्तर नसलं की मला राग येतो. मी न जेवता उठलो आणि ओसरीत जाऊन पडलो.

दुसऱ्या दिवशी मोजणीवाली मॅडम आली. तरुण होती, पण वागायला नीट. सोबत पटवारी, टेप, लाल रंगाचा डबा. खुर्ची दिली तर बसली नाही, मढियाच्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, बांध बनने के बाद का तो हमारे पास है, उसके पहले का आप लोग बताइए. आणि एकेकाला विचारत गेली.

इमली तक. इमली तक. इमली से नीचे. एकजण तर म्हणाला, इमली भी कहाँ, उसके बहुत पहले रुक जाती है. मढियाचा पुजारी दरवर्षी मैया देवीच्या पायाला लागून गेली ही कथा लाउडस्पीकरवर सांगतो. तो म्हणाला, "मॅडम, वो तो कथा है. कथा में तो होता है."

मग भौजी. आता गावात सगळ्यात मोठी तीच. पाणी आलं तेव्हा ती नवी नवरी होती, माझ्या आईच्या मागे उभी राहून सगळ्यांत जोरात हसली होती. दर जयंतीला ती गोष्ट पुरी सोंगं करून सांगते, आईचा आवाजसुद्धा काढते. मॅडमने विचारलं तर काय म्हणावं तिने?

"हम तो नई बहू थे बेटा. घूँघट में थे. घूँघट में से का दिखत?"

सगळे हसले. मी तिच्याकडे बघत राहिलो. तिने पदर आणखी पुढे ओढला.

"आप, बाबूजी?"

मुलगा माझ्या मागे उभा होता. तो खोकला. ओट्यावरून आमचं अंगण दिसतं, त्यात खोदलेला पाया दिसत होता, कडेला विटांचा ढीग. त्यावर सुनेने पोरांचे कपडे वाळत घातले होते. मी काय दगडाचा आहे, मला ते दिसत नव्हतं काय? दिसत होतं. आणि तरी माझ्या तोंडातून इमली निघेना. ज्या एका गोष्टीवर या गावाने आम्हाला आपलं म्हटलं, तीच खोटी म्हणायची तर आम्ही परत फैक्टरी वाले मराठे. आणि त्या कछारात ज्यांना घरं विकतील ती माणसं कुठली कोण, त्यांना तर चुन्याच्या रेघा तेवढ्या दिसणार.

"आई थी," मी म्हटलं.

"कहाँ तक?"

"चलिए, दिखाता हूँ."

पुढे मी, मागे मॅडम, तिच्या मागे अख्खं गाव. मी आमच्या वरच्या पायरीवर बसलो, आई बसली होती तसा, आणि तिच्या लगतच्या खालच्या पायरीवर हात ठेवला. "यहाँ तक."

प्लॉटवाला हसून म्हणाला, "मॅडम, बाबूजी तब बच्चे थे. बच्चे को तो गड्ढा भी समुंदर दिखता है."

"बच्चा मैं था," मी म्हटलं. "सीढ़ी तो इतनी ही थी. मेरे साथ बड़ी नहीं हुई."

मॅडमने सगळ्यांना विचारलं, और किसी ने देखा? सगळे चिंचेकडे बघायला लागले. मग तिने वरच्या पायरीवरच्या काळ्या डागाकडे बोट दाखवलं. वर्षानुवर्षाची काजळी आहे ती, घासून निघत नाही. "ये काला काहे का है?"

सून पाण्याचे ग्लास घेऊन दारात उभी होती. विचारल्याबरोबर सवयीने बोलून गेली, "पहला दिया यहीं जलता है, मॅडम. पूरे गाँव का."

"यहीं क्यों?"

आता तिला कळलं आपण काय बोललो ते. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता. ती माझ्यावर चिडलेली होती, आदल्या दिवशीपासून माझ्याशी बोललेली नव्हती. तिला म्हणता आलं असतं, ऐसे ही, रिवाज है.

"इनकी दादी ने यहाँ बैठ के मैया की गोद भरी थी," ती म्हणाली. "पानी सामने था तभी तो भरी."

पटवाऱ्याने टेप ताणला. लाल रंगाची खूण आमच्या पायरीच्या कोपऱ्यावर बसली. तिथून सरळ रेघ धरून कछार सगळा खाली गेला, प्लॉटवाल्याच्या चुन्याच्या रेघा खाली गेल्या, भौजीचं अंगण खाली गेलं, आणि माझ्या मुलाचा पाया पण खाली गेला. तो मोटारसायकलला किक मारून निघून गेला.

संध्याकाळी सून ओसरीत आली. मी म्हटलं, "पोरी, तू खरं बोललीस, मला—"

"तुमच्यासाठी नाही बोलले. तोंडावर आलं, गिळता नाही आलं." आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता वाडी द्या."

"काय?"

"मैयाची जागा मैयाला दिली तुम्ही, ऐटीत दिली. आमची आम्हाला द्या. संत्री तोडा."

मी खूप बोललो. वडिलांनी सायकलच्या कॅरिअरवर बांधून स्टेशनवरून आणलेली कलमं, उन्हाळ्यात मैयावरून खांद्यावर वाहून आणलेलं पाणी, सगळं काढलं. ती ऐकत उभी राहिली. माझं संपलं तर म्हणाली, "झालं? मग उद्या तोडणाऱ्याला बोलावते."

आणि तोडली. मी तिथेच खाट टाकून बसलो होतो, मिस्त्रीला सूचना देऊन राहिलो होतो, तो माझ्या सूचनांना वैतागला होता. एक झाड ठेवलं. त्यासाठी सुनेने न्हाणी थोडी सरकवून घेतली, मी म्हटलं नव्हतं. मुलाने खालच्या पायाच्या विटा एक-एक करून वर नेल्या, माझ्याशी न बोलता.

गावाने तर माझं नावच टाकलं. चहावाला माझ्यापुढे कप आपटायचा. ज्यांना खाली खोल्या काढायच्या होत्या ते म्हणायचे, दादा ने मरवा दिया. प्लॉटवाला चार दिवस दिसला नाही. मग त्याने तोच बोर्ड सडकेच्या वरच्या बाजूला लावला, तेच घर, तेच नारळ. त्याला काय फरक पडला? फरक पडला आम्हाला. वरची सरकारी जमीन मोजायला पटवारी एकदा येऊन गेला, टेप ताणून गेला, त्यानंतर कागद कुठे फिरून राहिला कोणाला ठाऊक. लोक मला अडवून विचारतात, "दादा, हमारी जमीन का क्या हुआ?" मी काय तहसील आहे? पण विचारतात ते बरोबरच आहे. नदीपाशी नको म्हटलं तर कुठे ते सांगायला नको? ते काम लवकर झालं असतं तर कोणाला समोसे खाऊन खोटं बोलावं लागलं नसतं. मी पटवाऱ्याकडे जातो, तो म्हणतो साहब दौरे पर हैं. पुन्हा जातो. मीही हट्टी आहे.

माघात नर्मदा जयंती आली. दिवस मावळायला मी पायरी धुतली, लाल खुणेच्या बाजूला पणती ठेवली, तेल घातलं. दरवर्षी एवढ्यात गल्ली भरलेली असते, पोरं ढकलाढकली करतात, बायका गाणी म्हणतात. या वेळी कुत्रंही नव्हतं. मुलगा वर स्लॅबपाशी होता. मी काडीपेटी हातात घेऊन बसलो. एकट्यासाठी गावचा पहिला दिवा कसा लावायचा ते मला समजेना.

मग काठीचा आवाज आला. भौजी. एका हातात थाळी, थाळीत दिवे, डोक्यावर पदर नीट चापून घेतलेला. येऊन शेजारी बसली. गुडघ्यांना शिव्या दिल्या. मला राहवलं नाही.

"क्यों भौजी, इधर कैसे? मैया तो इमली के ऊपर आती नहीं."

"आती काहे नहीं."

"मॅडम को तो कहा, घूँघट में थी, कुछ नहीं दिखा."

"तो मॅडम कोई मैया है, जो उससे सच बोलते?" ती म्हणाली. "दो पोतों का ब्याह करना है लल्ला, तुझे का मालूम. आँगन तो मेरा भी गया." मग माझ्या हातातल्या काडीपेटीला थाळीने टोचलं. "और एक पेड़ रखा है ना? अचार तो डालूँगी मैं."

वाऱ्याने पहिली काडी विझली. तिने पदर पुढे ओढून पणतीला आडोसा केला. तोच पदर. गल्लीच्या वळणावर आणखी काही थाळ्या येऊन थांबल्या होत्या, पुढे कोणी येत नव्हतं, मागेही जात नव्हतं. त्यांच्या मागे मुलगा उभा होता, हात सिमेंटने माखलेले.

"जला ना," भौजी म्हणाली. "सब खड़े हैं, हवा चल रई है."

मी दुसरी काडी ओढली.